कार्ल्याच्या ओसरीतल्या मूर्ती : एकवीरेच्या दर्शनाला गेल्यावर भिंतीवर नक्की काय पाहायचं?

मंजिरी_ठाणे

चैत्रात सासूबाईंना घेऊन कार्ल्याला जायचं घाटतंय. एकवीरा आमची कुलस्वामिनी (सीकेपी घर, दुसरं काय असणार), त्यामुळे जाणं होतंच. पण दरवेळी तोच प्रकार. पायऱ्या चढा, रांगेत उभे राहा, ओटी भरा आणि पोरं भुकेनं कावली की खाली पळा. शेजारचं लेणं म्हणजे आमच्या लेखी रांग सरकेपर्यंत सावलीला टेकायची जागा.

गेल्या खेपेला रांग हलेचना, म्हणून लेण्याच्या ओसरीत शिरून भिंती न्याहाळत बसले. तेव्हापासून काही प्रश्न डोक्यात घोळतायत. गूगलवर जे मिळतं ते एकमेकांवरून उतरवलेलं, म्हणून इथे विचारते.

१. दारांच्या बाजूंना स्त्री-पुरुषांच्या मोठ्या जोड्या कोरल्या आहेत. एकमेकांच्या खांद्यावर हात, बायकांच्या कमरेला जाड मेखला, कानात भलीमोठी कुंडलं, घोट्यावर कड्यांची चवड. पुरुषांच्या डोक्याला पुढे गाठ मारलेलं मुंडासं. झोकात उभे आहेत अगदी. भिक्षूंच्या जागेत यांचं काय काम?

२. त्यांच्या अगदी शेजारी बुद्ध बसलेत. पण दोन्हींची घडण निराळी वाटते. जोड्या भरदार, अंगापिंडानं मजबूत. बुद्ध नाजूक, शांत आणि चौकटीत मावतील एवढेच. माझा भास की खरंच फरक आहे?

३. देऊळ थेट लेण्याच्या तोंडाशीच कसं?

जाणकारांनी लिहावं. लांबलचक लिहिलंत तरी वाचेन.

कुंदा_काकू

छान धागा. आम्ही पण इतकी वर्षं जातोय पण आत डोकावून "किती थंड वाटतं ना" म्हणायचं आणि बाहेर यायचं, एवढंच. वाचतेय.

लिपिकार

मंजिरी, भास नाही. त्या एकाच भिंतीवर दोन काळ आहेत आणि त्यांच्यात सुमारे चारशे वर्षांचं अंतर आहे.

मूळ चैत्यगृह (स्तूप असलेलं पूजेचं दालन) साधारण इ.स.च्या पहिल्या शतकापासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंतचं. सातवाहन राजे आणि क्षहरात क्षत्रप (शक राज्यकर्ते, नहपान त्यांच्यातलाच) यांची या घाटवाटांवरून झटापट चालू होती तो काळ. तेव्हा या भिंतीवर बुद्धाची एकही मूर्ती नव्हती. पूजा व्हायची ती आतल्या स्तूपाची. जोड्या, दोन्ही बाजूंच्या भिंतींना पायथ्याशी असलेले तीन-तीन हत्ती, त्यांच्यावर एकावर एक चढवलेले कमानींचे मजले आणि जिकडेतिकडे फिरवलेली कठड्याची नक्षी (तिला वेदिका म्हणतात) हे सगळं पहिल्या खेपेचं काम.

बुद्धमूर्ती आल्या त्या पाचव्या-सहाव्या शतकात. तोवर ओसरीत रिकामी भिंत उरलीच नव्हती. मग नव्या मंडळींनी वेदिकेच्या पट्ट्या तासून काढल्या आणि मिळालेल्या जागेत चौकटी कोरल्या. मूर्ती चौकटीत मावतील एवढ्याच का, याचं उत्तर हेच. पुढच्या वेळी एखाद्या चौकटीच्या कडेला डोळे लावा. कठड्याच्या आडव्या दांड्या ओळीनं चालत येतात आणि चौकटीपाशी अर्ध्यावर कापल्या जातात. पलीकडच्या बाजूला पुन्हा सुरू होतात. कुठला दगड आधी आणि कुठला नंतर हे सांगायला तिथे पुस्तक लागत नाही.

मधल्या दाराजवळची चौकट सगळ्यांत देखणी. बुद्ध सिंहासनावर पाय खाली सोडून बसलेत, दोन्ही हात छातीपाशी धर्मचक्र मुद्रेत. पायाखालच्या कमळाचा देठ नागांनी धरलाय, तिथेच चक्र आणि चक्राच्या दोन्हीकडे हरणं. म्हणजे सारनाथच्या मृगवनातलं पहिलं प्रवचन. बाजूला चवऱ्या घेतलेले बोधिसत्त्व, वर उडते विद्याधर. घाईत गेलात तरी हरणं चुकवू नका.

जोड्यांबद्दल : तिथले गाईड "राजा-राणी" सांगतात, कुणी "दान देणारं जोडपं" म्हणतं. लेखात तसं काही नाही. एका जोडीपाशी ब्राह्मी लिपीत, प्राकृतात लिहिलंय की हे मिथुन (जोडी) भदसम नावाच्या भिक्षूनं दिलेलं दान आहे. ज्या जोड्या पाहून आपण "भिक्षूंच्या जागेत हे कसं" विचारतो, त्यातली एक चक्क भिक्षूनंच दिलीय. दाराशी भरलेला, नटलेला संसार कोरणं त्या काळी शुभ मानत. उंबरठ्यावर समृद्धी आणि आत स्तूप. यात त्यांना विसंगती वाटत नव्हती, आपल्याला वाटते.

तिसऱ्या प्रश्नावर सावकाश लिहितो.

शंकेखोर

लिपिकार, एक बाळबोध शंका. भिक्षू म्हणजे भिक्षापात्र आणि चीवर. मूर्ती कोरून घ्यायला त्याच्याकडे पैसा आला कुठून?

लिपिकार

शंका बाळबोध नाही, यावर विद्वान बरेच भांडलेत. कार्ल्यापुरतं सांगतो. हत्ती आणि त्यांच्या वरची-खालची वेदिका हे थेर (ज्येष्ठ भिक्षू) इंददेवाचं दान. (यातल्या वरच्या वेदिकेवरही पुढे बुद्धमूर्तींसाठी छिन्नी चालली. दान दिलं एका भिक्षूनं आणि तासलं पुढच्या भिक्षूंनी.) आणखी एक वेदिका कोडी नावाच्या भिक्षुणीनं दिली, ही घुणिकाची आई, आणि ती कोरणाऱ्याचं नावही दिलंय, नंदिक. आतला एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचा, म्हणजे सुत्तं मुखोद्गत म्हणून दाखवणाऱ्याचा. त्या खांबात धातू, म्हणजे अवशेष, ठेवले होते असं लेखातच आहे.

म्हणजे घर सोडलं तरी हात अगदी रिकामे झाले नव्हते. नातेवाइकांकडून येत असेल, जमवून दिलं असेल. लेख त्याबद्दल गप्प आहेत. पण "घुणिकाची आई" हे वाचताना मला मजा वाटते. भिक्षुणी झाली तरी ओळख लेकराच्या नावानं.

निवृत्त_तलाठी

भूतपाळ सेठीचं नाव अजून कुणी घेतलं नाही? ओसरीच्या डाव्या टोकाला त्याचा लेख आहे. वैजयंतीचा भूतपाळ शेठ म्हणतो, हे शैलगृह मी पुरं केलं, "जंबुदिपम्हि उतमं". अख्ख्या जंबुद्वीपात एक नंबर! वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. जाहिरात करायची तर अशी, दोन हजार वर्षं टिकेल अशा फलकावर.

माझा जीव मात्र दुसऱ्या लेखांत अडकलाय, नोकरी महसुलात गेली त्याचा परिणाम. नहपानाचा जावई उषवदात, त्यानं वलुरक लेण्यातल्या भिक्षूंना (कार्ल्याचं जुनं नाव वलुरक) करजिक गाव दिलं. मावळातलं आजचं करंजगाव ते हेच, असं मानतात. पुढे नहपान हरला, सातवाहन आले. आता गावाचं काय? तर नव्या राजाचा हुकूम त्याच भिंतीवर आहे. राजाचं नाव झिजलंय, पण गौतमीपुत्र सातकर्णीचा समजतात. हुकूम सुटलाय मामाळच्या अमात्याला, म्हणजे मावळच्या अधिकाऱ्याला. गाव भिक्षूंकडेच ठेवा, सैन्यानं तिथे शिरायचं नाही, वगैरे वगैरे सवलती. सरकार बदललं तर फेरफार नव्यानं नोंदवून घ्या, हे भिक्षूंनाही पक्कं ठाऊक होतं. सातबारा दगडावर कोरलेला असता तर आमची निम्मी डोकेदुखी वाचली असती.

शंकेखोर

तलाठी काका, __/\__

स्पष्टवक्ता_७७

एवढं सगळं लिहिताय मग सरळ सांगा ना, की जागा बुद्धांची आणि देऊळ हे नंतरचं अतिक्रमण आहे. एकवीरा म्हणजे मुळात महामाया, बुद्धांची आई मायादेवी. लेणं पाहायला येणाऱ्याला नारळाच्या शेंड्या आणि ढोलताशातून वाट काढावी लागते, याबद्दल कुणी बोलणार की नाही?

दर्यासारंग

स्पष्टवक्ता, अतिक्रमण हा शब्द जरा जपून. आम्ही उरणचे कोळी. आजोबा पायी यायचे घाट चढून, बोट नवी पाण्यात उतरवायच्या आधी आईचा कौल घ्यायला. लेणं कुणाचं याच्याशी आमचं भांडण कधीच नव्हतं. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात की पांडवांना आईनं अट घातली, एका रात्रीत देऊळ उभं करा. ती गोष्ट खोटी असेल, आम्हाला शाळेत तुम्ही इतिहास शिकवला तो मान्य. पण आगरी-कोळ्यांची अख्खी किनारपट्टी दरवर्षी पालख्या घेऊन येते ती काय कुणाची भिंत पाडायला येते का? आई म्हणजे रेणुका, परशुरामाची माय. आमच्यासाठी विषय संपला.

ढोलाचं म्हणाल तर, हो, आत चैत्यात नेऊन वाजवणं मलाही पटत नाही. आमच्याच पोरांना आम्ही टोकतो.

स्पष्टवक्ता_७७

(मजकूर संपादित)

संपादक

वरच्या प्रतिसादातला वैयक्तिक भाग काढला आहे. धागा मूर्तींवर आहे. कुणाची जागा कुणी घेतली यावर लिहायचं असेल तर आधाराने लिहा, नाहीतर नवा धागा काढा.

लिपिकार

तिसरा प्रश्न राहिला होता, तो आता लिहिणं भाग आहे.

आधी जे दिसतं ते. लेण्यासमोर डाव्या हाताला उंच सिंहस्तंभ आहे. वर चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेत. त्यावरचा लेख : महारठी (हा एक हुद्दा) गोतिपुत्र अग्निमित्रणकाचं हे दान, "सिहथभो". अशा मांडणीत जोडीचा दुसरा खांब उजवीकडे असायला हवा. बरोबर त्याच जागी आज एकवीरेचं देऊळ आहे. दुसरा खांब पडला, फोडला की पुरा झालाच नव्हता, हे पुराव्यानं सांगता येत नाही. तेव्हा "खांब पाडून देऊळ बांधलं" हे वाक्य कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

महामाया म्हणाल तर कार्ल्याच्या एवढ्या लेखांत कुठल्याही देवीचं नाव नाही. एकवीरेचं नाही, रेणुकेचं नाही आणि मायादेवीचंही नाही. दर्यासारंगांची श्रद्धा ही श्रद्धा म्हणून मला कळते. महामायेचा दावा इतिहास म्हणून मांडला जातो, म्हणून त्याला पुरावा मागावा लागतो.

इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी मावळातल्या आणि जुन्नर भागातल्या देव्यांची ठाणी पायी हिंडून पाहिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : भटक्या पशुपालकांच्या जुन्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे मातृदेवतांची ठाणी असतात. पुढे व्यापारी तांडे त्याच वाटांनी गेले. भिक्षूंनी विहारांसाठी याच जागा निवडल्या, कारण लोकांची ये-जा तिथेच. विहार ओस पडले तेव्हा वाटा आणि वाटांवरची माणसं तिथेच होती, आणि त्यांच्याबरोबर देवीही. या मताला विरोध करणारेही आहेत. पण "आधी हे, मग त्यांनी हिसकावलं" या दोन ओळींच्या गोष्टीपेक्षा मला ते जास्त पटतं. बुद्धमूर्ती बसवणाऱ्यांनी इंददेवाची वेदिका तासली त्याला आपण अतिक्रमण म्हणत नाही, हेही ध्यानात घ्या.

अभ्यासू_विद्यार्थी

म्हणजे पहिली खेप हीनयान आणि दुसरी महायान, बरोबर ना? परीक्षेत असंच लिहितो आम्ही.

लिपिकार

परीक्षेत लिहा, गुण मिळतील. भिंतीवर मात्र ते दोन्ही शब्द सापडायचे नाहीत. तिथे नावं आहेत महासांघिक आणि धम्मुत्तरीय, भिक्षूंचे दोन पंथ. वर सांगितलेला सोपाऱ्याचा सातिमित धम्मुत्तरीय. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २४व्या राज्यवर्षात नऊ खोल्यांचा मंडप दिला गेला तो महासांघिकांना. शिवाय "हीन" हे विरोधकांनी चिकटवलेलं नाव. मूर्ती नसलेला आणि मूर्ती असलेला टप्पा एवढं म्हटलं तरी काम भागतं.

सुतारपक्षी

लाकडाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लॉगिन केलं. धंदा फर्निचरचा, तीन पिढ्या.

ओसरीतून आत शिरलं की मान वर करा. छताच्या गोलाईला लाकडी फासळ्या आहेत, कमानीसारख्या वाकवलेल्या, एकामागं एक थेट स्तूपापर्यंत. मूळच्या आहेत त्या, लेण्याच्या वयाच्या. आणि गंमत अशी की त्यांच्यावर भार कसलाच नाही. छत म्हणजे डोंगरच, त्याला वाशांची गरज काय? पण त्या काळचे मोठे मंडप लाकडाचे असायचे, तसं दिसायला हवं म्हणून दगड आधी वाशांसाठी खाचून घेतला आणि मग खरं लाकूड आणून बसवलं. स्तूपावर छत्री आहे, तीही लाकडाची. खाली उभं राहून पाहिलं तर तिच्या आतल्या बाजूचं कोरीवकाम दिसतं, मोबाईलचा झूम वापरा.

आमच्या कारखान्यातला माल पाच पावसाळ्यांत फुगतो. इथे पाऊस आत येत नाही, ऊन जेमतेम येतं, हवा कायम एकसारखी. तरी वाळवीनं सोडलं कसं, याचं मला नवल आहे.

आणखी एक. दारापाशी धेनुकाकटच्या एका सुताराचं नाव आहे, वेणुवासाचा मुलगा सामी. दार त्यानं केलं. राजे, शेठ, भिक्षू यांच्या यादीत आमच्या धंद्यातला एक माणूस आहे आणि तो सहीनिशी आहे. पोरांना मुद्दाम नेऊन दाखवलं.

कुंदा_काकू

सुतारपक्षी, हे भारी सांगितलंत. फासळ्या मी पाहिल्यात, पण नंतर कुणीतरी डागडुजीला ठोकल्या असतील असंच समजत होते.

न्यूजर्सीचा_बंड्या

भारतवारीत गेलो होतो तेव्हा गाईडनं सांगितलं की खांब ग्रीकांनी दिले. थापा ना?

लिपिकार

निम्मी थाप. बऱ्याच खांबांवर "धेनुकाकटचा यवन अमुक याचं दान" असं आहे. पण नावं बघा : सिंहधय, म्हणजे सिंहध्वज. दुसरा धम्म. नावं पक्की इथली. पिढ्यान् पिढ्या राहून इथले झालेले की यवन म्हणजे नुसतंच पश्चिमेकडून आलेला, यावर एकमत नाही. धेनुकाकट नक्की कुठलं गाव यावरही नाही. त्याच गावचा सिंहदत्त नावाचा एक गंधी, म्हणजे अत्तरवाला, दारासाठी दान देऊन गेलाय. वर उल्लेख केलेला नऊ खोल्यांचा मंडप देणारा हरफरण, बापाचं नाव सेतफरण. ही नावं इराणी वळणाची वाटतात. सोपारा-कल्याण बंदरांतून देशावर चढणारा माल याच वाटेनं जायचा, त्यामुळे नाना मुलखांतली माणसं भिंतीवर असणारच.

खांबांचं गणित सांगतो. दोन्ही रांगांत पंधरा-पंधरा नक्षीचे, स्तूपामागे सात साधे अष्टकोनी, एकूण ३७. नक्षीच्या खांबांना खाली घडा, वर उलट्या कमळासारखी घंटा आणि तिच्यावर गुडघे टेकलेली जनावरं, पाठीवर स्वार. आपण सगळे मधल्या दालनातून चालतो म्हणून आपल्याला हत्तीच दिसतात. बाजूच्या अरुंद वाटेनं जा, मागच्या अंगाला घोडे आहेत. एका ठिकाणी तर माणसाच्या तोंडाचा सिंह आहे, म्हणजे स्फिंक्सच. कोसंबींनी त्याच्याकडे लक्ष वेधलं होतं, आणि तो खांबही यवनानंच दिलेला. तिथे मात्र तुमच्या गाईडला थोडे गुण द्यावे लागतील.

बोरिवलीकर

सिंहस्तंभाची जोडी कशी दिसली असती ते बघायचं असेल तर कान्हेरीला या. तिथलं मोठं चैत्यगृह कार्ल्याचीच नक्कल, थोडं नंतरचं. अंगणात दोन्ही बाजूंचे खांब अजून उभे आहेत. जोड्याही आहेत, पण कार्ल्यासारखा ऐटबाजपणा नाही, सांगून ठेवतो. आमची लेणी आहेत तरी खरं बोलतो.

बुद्धांच्या बाबतीत मात्र आम्ही पुढे. ओसरीच्या दोन्ही टोकांना उभे बुद्ध आहेत, सुमारे सात मीटर उंच. तेही नंतरच्याच खेपेचे. कार्ल्याला जागा मिळाली नाही म्हणून छोट्या चौकटीत भागवलं, इथे टोकाच्या भिंतीच मिळाल्या म्हणून हात मोकळा सोडला.

जुन्नरी_मिसळ

देऊळ आणि लेणं एकत्र म्हटलं तर लेण्याद्रीला विसरलात? अष्टविनायकातला गिरिजात्मज बसलाय तोच मुळी विहारात. सातव्या क्रमांकाचं लेणं, आत एकही खांब नाही, बाजूंना भिक्षूंच्या खोल्या. डोंगरातच कोरलेलं असल्यामुळे प्रदक्षिणा घालता येत नाही. शेजारच्या सहाव्या लेण्यातला चैत्य कल्याणच्या सुलसदत्ताचा, हेरणिकाचा मुलगा, म्हणजे सोनाराच्या घरातला. नव्वद टक्के भाविक त्या चैत्यावरून पाठ फिरवून जातात. (आकडा माझ्या अंदाजाचा, पुरावा मागू नये.)

शंकेखोर

अवांतर : लेण्याद्रीची माकडं आणि कार्ल्याची माकडं यात जास्त निर्ढावलेली कोणती?

जुन्नरी_मिसळ

आमची. वाद नको.

छायाप्रकाश

फोटो काढणाऱ्यांसाठी. लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी गेलात तर ओसरी काळोखी, जोड्या सपाट येतात आणि फ्लॅश मारला की आणखी सपाट. दुपार कलली की ऊन तिरकं आत शिरतं. मग मेखलेचे मणी, मुंडाशाच्या चुण्या, हत्तींच्या सुळ्यांच्या जागची भोकं (सुळे वेगळे करून खोवलेले असावेत) सगळं उठून येतं. वरच्या पिंपळपानी कमानीतून तोच उजेड आत स्तूपावर पडतो. कमान नुसती शोभेची नाही हे तेव्हा कळतं, सगळी प्रकाशयोजनाच तिच्यावर आहे.

तळटीप म्हणून रडगाणं : एका जोडीच्या पायाशी कुणीतरी आपलं आणि हिचं नाव बाणासकट कोरून ठेवलंय. टोकदार काहीतरी घेऊन, निवांत वेळ काढून. आसपास अडवायला कुणी नव्हतंच बहुतेक.

दर्यासारंग

छायाप्रकाश, अशा लोकांना आईनंच बघून घ्यावं.

मंजिरी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लेख मोबाईलवर उतरवून घेतलेत. लिपिकार, ब्राह्मी न येणाऱ्याला हे लेख भिंतीवर सापडतील का? आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, चैत्रातली यात्रा झेपेल का तेही सांगा कुणीतरी.

लिपिकार

सगळे नाही सापडणार. पण भूतपाळाचा ठसठशीत आहे, ओसरीत शिरून डावीकडच्या टोकाला पाहा. सिंहस्तंभावरचा अंगणातूनच दिसतो, तिरक्या उन्हात जास्त स्पष्ट. वाचता नाही आलं तरी अक्षरं ओळखू येतील : ब्राह्मीतला "क" म्हणजे बेरजेचं चिन्ह, "ठ" म्हणजे नुसतं वर्तुळ आणि "थ" म्हणजे मध्ये टिंब असलेलं वर्तुळ. "सेठि", "महारठि", "सिहथभो" यांत वर्तुळं शोधायला पोरांना लावा, रांगेत कटकट करणार नाहीत.

दर्यासारंग

मंजिरीताई, सासूबाईंना यात्रेत नका आणू. चैत्र शुद्ध सप्तमीला पालखी, त्याच्या आगेमागे डोंगरावर मुंगीला जागा नसते आणि गाड्याही खालीच अडवतात. यात्रा उलटून गेल्यावर या. मंगळवार आणि रविवार टाळा. एरवी गाडी निम्म्या डोंगरापर्यंत येते, तिथून पुढे पायऱ्या आहेतच, पण दुकानांच्या बाकांवर टेकत टेकत चढता येतं. हार-ओटी वरही मिळते, खालून ओझं आणू नका. दर्शन आटपा, सासूबाईंना सावलीत बसवा आणि तुम्ही निवांत भिंती बघा.

लोकलनं येणाऱ्यांसाठी : मळवलीला पुणे-लोणावळा लोकल थांबते. स्टेशनच्या एका अंगाला कार्ले, दुसऱ्या अंगाला भाजे.

छायाप्रकाश

फक्त वेळेचं बघा. लेण्याचं फाटक संध्याकाळी देवळाच्या बरंच आधी बंद होतं. ऊन पाहिजे म्हणून दुपारी उशिरा निघालात आणि रांगेत अडकलात तर दर्शन होईल, लेणं नाही.

कुंदा_काकू

भाजे त्याच दिवशी होईल का? तिथेही बुद्धमूर्ती आहेत?

लिपिकार

काकू, गुडघे ठीक असतील तर होईल. भाजे कार्ल्याहून जुनं, चैत्य अगदी साधा. पण टोकाच्या विहारात दाराशी जे शिल्प आहे, रथावरचा सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र असं ज्याला म्हणतात, त्यावर वेगळा धागा लागेल. त्या दोघांना सूर्य-इंद्र म्हणावं की नाही इथूनच भांडणाला सुरुवात आहे. तुम्ही काढा, मी येतो.